बारा फूट गाडी, साडेसोळा फूट जागा

गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडे १९९६ पासून आहे. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते आणि आमच्याकडे नुकतीच मारुती ८०० आली होती. शिक्षकांच्या खोलीत गाडीची किल्ली टेबलावर ठेवणारी मी पहिली बाई. तरीसुद्धा फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधे, उलटं शिरून आपली गाडी लावणं, ज्याला सगळे पॅरलल पार्किंग म्हणतात, ते मी २०२५च्या पावसाळ्यात शिकले. वय वर्षे त्र्याहत्तर.

इतकी वर्षं काय करत होतात, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच (नगरच्या वन्संनी फोनवर विचारलंच). खरं सांगायचं तर गरज पडली नाही. शाळेच्या पटांगणात वडाखाली गाडी नाक खुपसून उभी करायची आणि घरी आल्यावर सोसायटीत आपल्या दोन खांबांच्या मधे सरळ आत घालायची. एवढंच माझं क्षेत्र. मंडईत, पेठांत, लग्नाकार्याला जायचं असेल तर गाडी ह्यांनीच चालवायची, हे न बोलता ठरलेलं. हे पाटबंधारे खात्यात होते, जीप चालवत धरणाच्या कामांवर फिरलेले. अंगुळभर जागेत गाडी अशी बसवायचे की मी खिडकीतून बाहेर बघत बसावं आणि थांबल्यावर उतरावं. ते काय करतात याकडे मी कधी पाहिलंही नाही. भाकरी रोज ताटात येते म्हणून आपण कुठे थापणाऱ्या हातांकडे बघतो?

मग ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. हा दुखत नाही, लाल होत नाही, काही सांगत नाही. कडेकडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. हे अजूनही पेपरातल्या छोट्या जाहिराती चष्म्याने वाचतात, पण मी बाजूने चहाचा कप पुढे केला तर तो त्यांना दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब खाली ठेवायचा आणि उरलेली सांभाळायची. त्यासाठी दर चार महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात, समोरच्या पांढऱ्या गोलात कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. त्याला फील्ड टेस्ट म्हणतात. २०२४च्या दिवाळीआधीच्या टेस्टचा कागद हातात आला तेव्हा त्यावरचा काळा भाग आधीच्या कागदापेक्षा मोठा होता. हे तो कागद घेऊन जिना उतरले, रस्त्यावर आले आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. घरी येईपर्यंत मीही बोलले नाही. त्या दिवसापासून ह्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

त्यानंतर आम्ही रिक्षाने जाऊ लागलो. ते ठीकच चाललं होतं. २०२५च्या मार्चमध्ये दवाखान्यासमोर रिक्षा रस्त्याच्या मधेच थांबली, हे उजव्या बाजूने उतरायला गेले आणि मागून आलेल्या स्कूटरचं हँडल कोपराला लागून गेलं. जखम अशी काही नाही, खरचटलं. पण बाजूने येणारं आपल्याला दिसत नाही हे तोपर्यंत कागदावर होतं, ते त्या दिवशी अंगावर आलं. जुलैची तारीख जवळ आली तसं ह्यांचं सुरू झालं : पाऊस फार आहे, पुढच्या आठवड्यात बघू, थेंब तर घालतोच आहे ना. मी एक तारीख पुढे ढकलली, दुसरी ढकलली. तिसऱ्या वेळी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मला कळलं की हा माणूस आता जाणार नाही. आणि काचबिंदूत न जाण्याचा अर्थ काय होतो, ते मला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलेलं होतं.

मुलगा परदेशातून म्हणाला, "आई, गाडी विकून टाक, ॲपवरून टॅक्सी बोलाव." टॅक्सीही रस्त्याच्या मधेच थांबणार. मला हवं होतं ते वेगळं होतं. गाडी फुटपाथला अगदी चिकटून उभी राहिली पाहिजे, ह्यांनी आपलं दार स्वतः उघडलं पाहिजे आणि पाय थेट फुटपाथवर पडला पाहिजे. कुणी हात धरायला नको, कुणी "आजोबा, सांभाळून" म्हणायला नको. एवढ्यासाठी ती विद्या मला यायला हवी होती.

आता त्या गल्लीविषयी. दवाखाना सदाशिव पेठेत आहे. गल्ली एकेरी वाहतुकीची, आणि पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे अशा रस्त्यांवर पी १ आणि पी २ अशा पाट्या असतात. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या. घरातून निघताना पंचांग बघावं तशी तारीख बघून निघायचं. (यात एक गंमत आहे. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम. म्हणजे त्या बाजूच्या दुकानदारांच्या दारात दोन दिवस सलग गाड्या. वर्षातून सात वेळा असं होतं, माझे मोजून झालेत.) दवाखान्याच्या गल्लीत विषम तारखेला डावी बाजू असते, सम तारखेला उजवी. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

शिकायचं ठरलं तेव्हा ह्यांनी आधी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तीन आगपेट्या घेतल्या. दोन उभ्या गाड्या आणि एक आपली. "मला सांग, सरळ पुढे तोंड करून का नाही शिरता येणार?" मी प्रयत्न केला. आगपेटी काय, उचलूनही ठेवता येते. मग ते म्हणाले, "घाटात एसटीचं मागचं चाक कुठून जातं आठव." आठवलं. वळणावर पुढचं चाक बाहेरून जातं आणि मागचं आतून कापत जातं. म्हणजे गाडी पुढे जाताना वळते ती तोंडाने, शेपटी नुसती मागोमाग ओढली जाते, आणि ती कोपरा कापणारच. तोंड फटीत घातलं तरी शेपटी रस्त्यात राहते. उलट मागे जाताना न वळणारी चाकं आधी आत शिरतात आणि वळणारं तोंड रस्त्याच्या मोकळ्या बाजूला राहतं, ते हवं तसं फिरवता येतं. गोदरेजचं कपाट कोपऱ्यात सरकवताना आपण काय करतो? आधी एक कोपरा आत, मग दुसरा. तेच हे.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण ह्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. पुढची दोन चाकं वळताना सारखी वळत नाहीत, आतलं जास्त वळतं, बाहेरचं कमी, हे मला त्या दिवशी कळलं. ही जोडणी मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लांकेनश्पर्गर नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्याने ती काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं ते आकरमान यांनी, जे धंद्याने चित्रं आणि पुस्तकं छापणारे होते. नाव त्यांचंच राहिलं. इतिहास शिकवलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण वाटलं. करणारा कुणी आणि नाव कुणाचं, हे बग्गीच्या चाकांनाही सुटलेलं नाही.

त्यानंतर आमच्या भाच्याने फोनवर एक कागद पाठवला. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ साली चक्क गाडी लावण्याचं सूत्र मांडलंय. एका झटक्यात मागे घेत गाडी आत घालायची तर गाडीच्या लांबीपेक्षा किती जागा जास्त लागते, त्याचं. त्यात चार गोष्टी लागतात : गाडी किती लहान वर्तुळात वळते, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पुढच्या चाकापासून नाकापर्यंतचं अंतर, आणि शेजारच्या गाडीची रुंदी. पुढे सगळा पायथागोरस. माझी बी.ए. मराठी माध्यमातली, गणिताचा आणि माझा संबंध मॅट्रिकला संपला, पण पायथागोरस भेटल्यावर ओळखीचा माणूस स्टेशनवर दिसावा तसं वाटलं. ह्यांनी दोन दिवस भिंग घेऊन आमच्या वॅगन आरचं माहितीपुस्तक धुंडाळलं, टेप घेऊन खाली जाऊन नाक मोजलं. गाडीची लांबी ३६५५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर बारा फूट. वळणाची त्रिज्या ४.७ मीटर. शेजारची गाडीही आपल्यासारखीच धरली तर जादा जागा येते जेमतेम साडेचार फूट. म्हणजे साडेसोळा फूट. वहीत आकडा लिहून त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. त्या किल्लीच्या दिवसापासून पहिल्यांदा मी त्यांना असं खुशीत पाहिलं. ते नुसतं गणित होतं म्हणा, पण कडेची नजर लागत नाही असं ते काम होतं.

आता गणिताने गाडी लागत नाही. त्यासाठी माणूस लागतो. १९८८च्या दहावीच्या तुकडीतला माझा एक विद्यार्थी मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतो. मी फोन केला तर त्याला आधी वाटलं मी नातवंडासाठी विचारतेय. चातुर्मास लागला होता, लग्नाचे मुहूर्त बंद, तेव्हा त्याच्या ओळखीच्या एका मंगल कार्यालयाचं पटांगण सकाळी सहा ते सात आम्हाला मिळालं. तिथे पाण्याचे चार निळे ड्रम ठेवले, त्यांत एकेक खराटा उभा खोचला. दोन ड्रम म्हणजे पुढच्या गाडीचं ढुंगण, दोन म्हणजे मागच्या गाडीचं तोंड. (शब्द त्याचा आहे. वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.)

पहिले चार दिवस त्याची गाडी, तिला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. नंतर आमचीच. त्याचं शिकवणं अगदी वेगळं. का, हा शब्द नाही. कधी, एवढंच. "बाई, पुढच्या गाडीच्या शेजारी थांबा. मधे दोन-अडीच फूट सोडा. दोघांचे मागचे बंपर एका रेषेत. आता डावीकडे फुल्ल मारा. हाफ क्लचवर, मुंगीसारखं मागे. उजव्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही दिवे दिसले? थांबा. स्टिअरिंग सरळ. परत मागे. आपलं डावं नाक पुढच्या गाडीच्या कोपऱ्यातून सुटलं? आता उजवीकडे फुल्ल. मागे, मागे… झालं."

घरी हे विचारायचे, "किती अंशात वळवलीस?" मी म्हणायचे, "दोन दिवे दिसेपर्यंत." मग ते वहीत बघायचे आणि म्हणायचे, "पंचेचाळीसच्या जवळपास असणार." छत्तीस वर्षं शिकवून मी हे पाहत आले आहे की मुलांचे दोन प्रकार असतात, कारण कळल्याशिवाय हात न हलणारी आणि हात हलल्याशिवाय कारण न कळणारी. मी पहिल्या प्रकारची, असं मला वाटत होतं. पण ते आगपेट्यांचं सगळं तत्त्व अकराव्या-बाराव्या दिवशी, पाठीत रग लागल्यावर, एकदम मनगटात उतरलं. गाडीची शेपटी आत जाताना आणि नाक रस्त्याकडे फेकलं जाताना मला बसल्या जागी जाणवलं. एक मात्र दोघांनीही सांगितलं होतं : मान मागे असते, लक्ष मागच्या गाडीवर असतं आणि घासते ती पुढची बाजू. पुढचं डावं नाक. ते मी जप करावा तसं म्हणायचे.

आमच्या गाडीला मागे सेन्सर आहे. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचाच झाला. तो टूं टूं करतो आणि जवळ गेलं की एकसुरी किंचाळतो. माझ्या विद्यार्थ्याचं मत असं की तो मागच्याची खबर देतो, पण बाजूचं आणि पुढचं काही सांगत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. खराट्याच्या काड्यांना तर तो कधी ओळखायचा, कधी नाही.

श्रावण संपेपर्यंत ड्रमांच्या मधे मी दहांतल्या नऊ वेळा जायला लागले. तेव्हा तो म्हणाला, "बाई, आता रस्ता."

आणि इथे खरी अडचण सुरू झाली, जी आगपेटीत नव्हती, सूत्रात नव्हती आणि ड्रमातही नव्हती. ती म्हणजे मागचा हॉर्न.

एकेरी गल्लीत तुम्ही पुढच्या गाडीशेजारी थांबता आणि रिव्हर्स टाकता, म्हणजे तुम्ही अख्खी गल्ली अडवता. मागे रिक्षा, तिच्यामागे टेम्पो, दोन्ही बाजूंनी फटीतून घुसणाऱ्या दुचाक्या. सगळ्यांना थांबवायचं. किती वेळ? ड्रमांमधे ह्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं, चाळीस सेकंद. चाळीस सेकंद तिऱ्हाईत माणसांना आपल्यासाठी थांबवून ठेवायचं, हे मला जमेना. पहिला हॉर्न वाजला की माझा पाय आपोआप उठायचा, गिअर पहिल्यात जायचा आणि मी पुढे निघून जायचे. गल्लीला तीन तीन फेऱ्या व्हायच्या. जागा रिकामी, गाडी येते, हात बसलेला, आणि तरीही मी चौकात.

मी यावर बराच विचार केला. शाळेत साठ मुलांच्या वर्गासमोर मी कधी डगमगले नाही. पण रस्ता ही आपली जागा आहे असं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. लहानपणी गावात आई सांगायची, कडेने चाल, खाली बघून चाल, समोरून कुणी आलं तर बाजूला हो. सासरी आल्यावर जिन्यात मामंजी दिसले की दोन पायऱ्या मागे यायचं. बसमध्ये, बँकेत, रेशनच्या रांगेत, "तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलेलं की ते सभ्यता म्हणून येतं की भीती म्हणून, हे मलाच सांगता येणार नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींना विचारून बघितलं, सगळ्या हसल्या, आणि मग एकेक आठवायला लागल्या.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "हॉर्न वाजला की मला सुचत नाही रे." तो म्हणाला, "बाई, वर्गात गोंधळ असला की तुम्ही काय करायचात? ओरडायचात नाही. खडू हातात धरून, फळ्याकडे पाठ करून, गप्प उभ्या राहायचात. कितीही वेळ. आम्हीच शेवटी गप्प व्हायचो. तसंच करा."

त्याच्या लक्षात ते राहिलं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दुसरा त्रास प्रेमळ होता. तुम्ही रिव्हर्स टाकला की महाराष्ट्रात कुठूनही एक माणूस उगवतो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" पानवाला, वॉचमन, दवाखान्यातून औषध घेऊन निघालेला पेशंट, कुणीही. पांढऱ्या केसांची बाई गाडी मागे घेतेय म्हटल्यावर तर दोघं-तिघं. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो तुमच्या डावीकडे, आणि गाडी टेकायला वीतभर उरली की डिकीवर थाप मारून "बास!" त्या लोकांचं मन मोडवत नाही. पण ते ज्या कोनातून बघतात त्यांना पुढचं नाक दिसत नाही आणि माझ्या आरशात काय दिसतंय हे तर मुळीच नाही. शेवटी मी एक युक्ती काढली. काच खाली करून, हसून, "थँक्यू दादा, येते मला" म्हणायचं आणि मग आरशातच बघायचं. येते मला, हे शब्द पहिल्यांदा उच्चारले त्या दिवशी मला खरं तर येत नव्हतं. पण दादा बाजूला झाला, एवढं काम झालं.

दवाखान्याची तारीख घेताना मी स्वागतकक्षातल्या मुलीला म्हटलं, "आम्हाला विषम तारीख दे." ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं आम्ही पत्रिका वगैरे बघून येणारे आहोत. "आजी, शुभ तारीख पाहिजे का?" मी म्हटलं, "नाही गं, डावी बाजू पाहिजे." तिला काय कळलं देव जाणे, पण ११ सप्टेंबर मिळाली. गणपती उठले होते, मांडव निघाले होते, पितृपक्ष चालू असल्याने लक्ष्मी रोडवर खरेदीची झुंबड नव्हती. यापेक्षा चांगला दिवस पेठेत मिळत नाही.

गुरुवार, सकाळी साडेदहा. दवाखान्याच्या अलीकडे एक जागा. हे शेजारी बसलेले, मान पूर्ण वळवून त्यांनी जागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "सतरा असेल." मी डावा इंडिकेटर दिला, पुढच्या गाडीशेजारी थांबले, रिव्हर्स टाकला. हॉर्न आला. मग दुसरा, रिक्षाचा, लांबलचक. मी क्लच तसाच दाबून ठेवला आणि आरशात बघितलं. मागे रिक्षा, तिच्या मागे एक पांढरी गाडी. फार तर पाच-सहा माणसं. साठ मुलांपेक्षा खूपच कमी. मी खडू धरल्यासारखं स्टिअरिंग धरलं आणि थांबले. रिक्षावाल्याने एक फूट मागे घेतली.

डावीकडे फुल्ल. दोन दिवे. सरळ. नाक सुटलं. उजवीकडे फुल्ल.

ह्यांनी दार उघडलं, खाली बघितलं, म्हणाले, "वीतभर." पाय फुटपाथवर ठेवला आणि माझी वाट न बघता जिन्याकडे चालायला लागले. मी गाडीत तशीच जरा बसून राहिले. हात थरथरत होते, ते कुणी पाहिलं नाही ते बरं. दोन्ही डोळ्यांतला दाब पंधराच्या आत निघाला. फील्ड टेस्टचा कागद आधीच्यासारखाच, काळा भाग वाढलेला नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यामुळे बाहेर आल्यावर ह्यांना ऊन सोसत नव्हतं, मी गाडीचं दार उघडून दिलं आणि ते आत बसले.

पुढची तारीख ८ जानेवारी २०२६ मिळाली. विषम मागितली होती, पण ते यंत्र चालवणारी मुलगी गुरुवारीच येते आणि त्या महिन्यात डॉक्टरांचा तोच एक गुरुवार मोकळा होता. सम तारीख. उजवी बाजू.

उजवी बाजू म्हणजे सगळा धडा आरशात बघून पुन्हा लिहायचा. सरळ वाटतं, पण मनगटाला डावं-उजवं बदलून सांगायला मला आणखी पंधरा सकाळी लागल्या. फायदा एक, फुटपाथ आपल्याच खिडकीखाली असतो, काच खाली केली की कड दिसते. तोटा, रस्त्याकडची बाजू लांब जाते, आणि दुचाक्या तिकडूनच येतात. दोन दिवे आता डाव्या आरशात शोधायचे. आणि मुख्य म्हणजे ह्यांचं दार रस्त्यावर उघडणार. यावर उपाय एकच होता, ह्यांनी मागे, माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायचं. हे मी महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे मी साहेब आणि तू ड्रायव्हर?" मी म्हटलं, "कलेक्टर बसतात तसे बसा." बसले. वाटेत मात्र प्रत्येक सिग्नलला मागून सूचना येत होत्या, त्या अर्थातच साहेबाच्या होत्या.

त्या दिवशी जागा लहान होती. ह्यांनी मागून मान वळवून अंदाज घेतला, "सोळाच्या वर, साडेसोळाला कमी." सूत्राप्रमाणे एका दमात जाणार नव्हती. गेली नाहीच. दोनदा पुढे-मागे करावं लागलं, सव्वा मिनिट तरी झालं असेल. मागे हॉर्न वाजत होते, एकाने बाहेर डोकं काढून काहीतरी म्हटलंही. काच बंद होती.

वर गेल्यावर स्वागतकक्षातल्या मुलीने मला ओळखलं. तपासणी झाल्यावर वही उघडून म्हणाली, "आजी, पुढची विषमच बघू ना?"

मी म्हटलं, "कुठलीही चालेल गं. फक्त गुरुवार बघ, आणि दुपारची नको, ह्यांना उन्हाचा त्रास होतो."